आई-बाबा, यंदा तुम्हीच बालीला या

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

तिकिटं काढली. आधी विचारलं असतं तर बाबांनी आंब्यांची राखण पुढे केली असती आणि आईने गुडघे, म्हणून विचारलंच नाही. मेमध्ये मी घरी येत नाही याचं वाईट वाटेल, ठाऊक आहे. पण मी घरी आले की आई ओट्यापासून हलत नाही. पहिले दोन दिवस मला रजा नाही, तिसऱ्या दिवशी मी पोचतेच. तोवर ड्रायव्हर तुमच्या दिमतीला असेल. मे मुद्दाम निवडलाय: तिथला कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून सुरू झालेली नसते.

आई, आधी पायऱ्यांचं. गुनुंग कावीचं अकराव्या शतकातलं कातळातलं कोरीवकाम सुरेख आहे, पण तिनशेच्या आसपास पायऱ्या उतरून परत चढायच्या, म्हणून ते गाळलं. तेगललांगची भातखाचरंही उभ्या उताराची. त्याऐवजी जातिलुविहला चला, तिथे गाडीतून उतरलं की खाचरं समोरच. बाबा, हे खास तुमच्यासाठी. तिथली 'सुबक', म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायची पद्धत, ही आपल्या पांझरा नदीवरच्या फडाची सख्खी बहीण. पाण्याची व्यवस्था बघणारा तुमचा पाटकरी, तसा त्यांचा पेकासेह. पाटात आडव्या टाकलेल्या ओंडक्याला खाचा कोरलेल्या असतात. ज्याचा वाटा मोठा, त्याची खाच रुंद. कधी पेरायचं आणि पाण्याची पाळी कशी, हे पाण्याच्या देवळाशी बांधलेलं. शेजारची खाचरं एकदमच पडीक ठेवली की किडीला खायला काही उरत नाही, असा त्यात हिशोब. २०१२ साली युनेस्कोने या पद्धतीला जागतिक वारसा ठरवलं. आपल्या फडाचं काय झालं यावर तुम्ही तिथे बोलत बसणार, माहीत आहे. खुशाल बोला.

क्लुंगकुंगला केर्ता गोसा या जुन्या न्यायमंडपाचं चित्रांचं छत बघायचं. त्यात भीम कुंतीच्या सांगण्यावरून नरकात जातो आणि पंडूला, शिवाय माद्रीलाही सोडवून आणतो. सवतीला! आई, तुझं मत ऐकायचंय. मान मात्र थोडी थोडी वर करा, मानेचा पट्टा घेऊन या. तीर्त एम्पुलला झऱ्याच्या धारांखाली लोक अंघोळ करतात. दगड बुळबुळीत असतात, बाबांनी कुंडात उतरायचं नाही. देवळात कमरेला सारोंग लागतोच, दारावर मिळतो.

जेवणाची काळजी नको. फक्त 'व्हेज' म्हणून भागत नाही, कारण तेरासी, म्हणजे वाटलेली आंबवलेली कोळंबी, तिथे मांसात धरतच नाहीत. ती चटणीत हमखास असते. 'तानपा तेरासी, तानपा तेलुर' म्हणायचं: तेरासी नको, अंडं नको. गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची आमटी, आई, तुला नक्की आवडेल. वर टाकलेले पापड कोळंबीचे असू शकतात, ते बाजूला काढ. दादार गुलुंग तर तुझी पातोळीच, हळदीच्या पानाऐवजी पांदानचा हिरवा रस. मेतकूट आण, फळं-भाज्या आणू नकोस, विमानतळावर काढून घेतील. नळाचं पाणी चूळ भरायलाही नको.

तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. बाबांची साखरेची गोळी जेवणाबरोबरची आहे, ती तिथल्या जेवणाबरोबरच घ्या. रक्तदाबाच्या गोळीची वेळ निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सगळी औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. आकडे बघून दचकू नका: पर्यटकांचा कर दीड लाख रुपिया, म्हणजे आपले आठशेच्या आसपास. तो आणि व्हिसाचे पाच लाख मी इथूनच भरते. बऱ्याच एटीएममध्ये नोटा आधी येतात, कार्ड मागून, आणि लोक नोटा मोजत निघून जातात. उलुवातूच्या देवळातली माकडं चष्मा पळवतात आणि खाऊ मिळाल्याशिवाय सोडत नाहीत, तेव्हा आईचा जुना चष्माही आणा.

आई, एसटीत बसवताना तू माझ्या फ्रॉकला नाव-पत्त्याची चिठ्ठी पिनेने लावायचीस. तशी आता तुमच्या दोघांच्या खिशात हॉटेलच्या पत्त्याची चिठ्ठी हवी. हसायचं नाही.

व्हीलचेअर मी मागितली आहे. "मला नको, मी चालेन" हे विमानतळावर ऐकून घेतलं जाणार नाही, बाबा. आणि पासपोर्ट पोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने चालू असायला हवा. कपाटातून काढून दोघांच्या तारखा आजच बघा आणि पानाचा फोटो पाठवा. बाबांचा संपत आला असेल तर नवीन करायला वेळ लागतो.

तुमची,
मनू