‘न पसरणारे’ म्हणून विकलेल्या सॉफ्ट कोरल संचाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीचे लेबल आणि फोनवरून मिळालेला घातक सल्ला

महोदय/महोदया,

आपल्याकडून घेतलेल्या ‘नवशिक्यांसाठी सॉफ्ट कोरल’ (समुद्री मत्स्यालयात ठेवायचे मऊ प्रवाळ) संचाबद्दल ही लेखी तक्रार करत आहे. बिल आणि टँकचे फोटो सोबत जोडले आहेत. आपल्या संकेतस्थळावर या संचाखाली ‘न पसरणारे, छोट्या टँकसाठी योग्य’ असे ठळक लिहिले आहे. तेवढे वाचूनच मी तो मागवला.

संचात निघाले काय, तर ग्रीन स्टार पॉलिप, पंपिंग झेनिया, केनिया ट्री आणि झोअँथिडचा एक फ्रॅग (वाढवण्यासाठी कापलेला छोटा तुकडा). पसरण्याबद्दल जी नावे सगळ्यात आधी घेतली जातात, ती सगळी एकाच पाकिटात! (झोअँथिड शास्त्रीयदृष्ट्या सॉफ्ट कोरल नाहीतच, पण बाजारात तसेच विकतात, म्हणून त्यावर वाद घालत नाही.)

ग्रीन स्टार पॉलिपचा जांभळा थर फ्रॅग प्लगवरून (फ्रॅग चिकटवलेल्या छोट्या बैठकीवरून) खडकावर उतरला, मागच्या काचेवर चढला आणि आता माझ्या मॉन्टिपोरा या कठीण कोरलच्या कडेवरून आत सरकतो आहे. त्याखाली गेलेली कड पांढरी पडली आहे. थर नखाने उचलला की सालीसारखा निघतो, पण खडकाच्या छिद्रात राहिलेल्या कणभर तुकड्यातून परत हिरवे तुरे डोकावतात. केनिया ट्री आपल्या फांद्या आपणच गाळते. त्या प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि जिथे अडकतील तिथे रुजतात. ओव्हरफ्लोच्या (टँकमधले पाणी बाहेर पडण्याच्या जागेच्या) दातांमधूनही मी त्या काढल्या आहेत.

ही कोरल वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. खडकांच्या मुख्य रचनेपासून दूर, वाळूवर सुट्या दगडावर ठेवली तर ती आवरता येतात. पण एवढे एक वाक्य ना पाकिटावर होते, ना संकेतस्थळावर. ‘जगवायला सोपे’ आणि ‘न पसरणारे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोरल विकणाऱ्याला ग्राहकाने सांगावे लागावे का?

यापेक्षा गंभीर बाब पुढे आहे. मी फोन केला तेव्हा आपल्या प्रतिनिधीने आधी ‘कात्रीने छाटा’ असे सांगितले. झेनिया टँकमध्येच छाटली तर सुटलेला प्रत्येक तुकडा नवी वसाहत करू शकतो. मग म्हणाले, ‘खडक बाहेर काढून उकळा, सगळे मरेल.’ त्याच खडकावर झोअँथिड आहेत हे मी आधीच सांगितले होते! अनेक झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. उकळल्याने ते नाहीसे होत नाही, उलट वाफेबरोबर श्वासात जाते. अलास्कातील घरांत आणि मत्स्यालयाच्या दुकानात झोअँथिडमुळे श्वासावाटे विषबाधा झाल्याच्या संशयित घटनांची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ साली प्रसिद्ध केली आहे. मी तो सल्ला ऐकला नाही. दुसरा कोणी ऐकेल.

माझ्या मागण्या अशा : संचाची पूर्ण रक्कम परत करावी, किंवा त्याऐवजी टोडस्टूल लेदर आणि फिंगर लेदर द्यावेत. ही कोरल बसल्या जागी वाढतात, खडकावर थर पसरवत नाहीत. टोडस्टूल मोठे झाले की शेजाऱ्यावर सावली धरते, मधूनमधून मेणासारखी कात टाकते, आणि लेदर कोरल पाण्यात रसायने सोडतात म्हणून ती शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन वापरावा लागतो, हे मला ठाऊक आहे आणि चालेल. मॉन्टिपोराची भरपाईही मिळावी.

याशिवाय संकेतस्थळावरचे ‘न पसरणारे’ हे वर्णन ताबडतोब काढावे, प्रत्येक कोरल कसे पसरते ते त्याच्या नावाखालीच लिहावे आणि झोअँथिडच्या पाकिटावर हातमोजे, चष्मा व न उकळण्याची सूचना छापावी. फोनवर बसणाऱ्यांना हे शिकवल्याशिवाय त्यांनी असे सल्ले देऊ नयेत.

१५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. फोनवर बोलण्याची आता माझी तयारी नाही. उत्तर न आल्यास हेच पत्र फोटोंसह ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे पाठवीन.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, लेबलचा फोटो, टँकचे फोटो