अंदमानला निघण्याआधी पाणी बघ

चेंदणी कोळीवाडा, ठाणे (पूर्व)

चि. सौ. स्वप्नाली हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला अंदमानचा बेत वाचला. सहा दिवसांत पाच बेटं, त्यात रोज तीन-चार ठिकाणं. जावईबापूंनी मेहनत घेतलीय, यात शंका नाही. पण एवढ्या मोठ्या कागदावर भरती-ओहोटीचा पत्ता नाही. कोळ्याच्या पोरीने असा बेत करावा?

तुमचे दिवस अष्टमीच्या आसपास येतात. म्हणजे भांगाचं पाणी, धड भरणार नाही नि धड सुकणार नाही. आणि शहीद द्वीपची, म्हणजे जुन्या नील बेटाची, खरी मजा सुकतीला, म्हणजे ओहोटीला, असते. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर तिथे दगडाची नैसर्गिक कमान आहे. बंगालमधून येऊन वसलेल्या लोकांनी तिला हावडा ब्रिज नाव ठेवलंय. भरतीला तिथवरची वाट पाण्याखाली जाते. पाणी उतरलं की मेलेल्या प्रवाळाच्या खडकांत डबकी उरतात, आणि माझं म्हणशील तर कमानीपेक्षा ती डबकीच बघण्यासारखी. मी नि तुझी आई एका डबक्यापाशी उकिडवे बसलो होतो. तळाला काळी समुद्रकाकडी पडलेली, दोरीचा तुकडा वाटावा अशी. बोटाएवढे निळे मासे एकाच दगडाखाली आत-बाहेर करत होते. मग आईने हळूच दाखवलं, आम्ही शिंपला समजत होतो तो चालत होता. आत खेकडा! बाकीचे लोक कमानीपुढे फोटो काढून दहा मिनिटांत परत फिरले. पायात पकड असलेली चप्पल घाल, शेवाळ फार आहे.

म्हणून सांगतो, बेत आठवडाभर पुढे ढकलून अमावास्येच्या आसपास आणा. उधाणाचं पाणी मिळेल, म्हणजे सुकतीही खोल लागेल. वर रात्र काळोखी. स्वराज द्वीपला, जुन्या हॅवलॉकला, काळोख्या रात्री कयाकने नेतात. वल्हं मारलं की पाण्यात निळसर उजेड फुटतो. सूक्ष्म जीवांचा खेळ आहे तो. चांदण्यात फारसा दिसत नाही. अमावास्येला प्रवास नको म्हणून तुझ्या सासूबाई कुरकुरतील. त्यांना सांग, निघायचं दोन दिवस आधीच आहे.

आणि हो, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, हे आजाचं गणित तिथे लावू नकोस. ते आपल्या किनाऱ्याचं. आपल्याकडे मोठ्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, तिथे त्याच्या निम्म्याच्या आसपास. वेळाही वेगळ्या. तिथला तक्ता बघ, नाहीतर सरळ बोटवाल्याला विचार.

स्वराज द्वीपवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त तुम्ही सहाला लिहिलाय. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. बेटं इतकी पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. चारलाच जाऊन बसा. त्या किनाऱ्याला 2020 साली ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालाय, स्वच्छ आहे. मागे झाडी एवढी उंच की वाळूवर लवकर सावली येईल असं वाटतं, पण किनारा पश्चिमेला असल्यामुळे ऊन शेवटपर्यंत अंगावर राहतं.

एलिफंट बीचला प्रवाळ बघायला जाच. फक्त पाण्यात उभं राहावंसं वाटलं तरी प्रवाळावर पाय टेकू नका. तो दगड नव्हे, जिवंत वसाहत आहे. 2010 साली समुद्र तापला तेव्हा अंदमानचा बराच प्रवाळ पांढरा पडला होता. शिंपले, प्रवाळाचे तुकडे बॅगेत घालू नका, विमानतळावर काढून घेतात. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

बाराटांग बेट मात्र माझ्या मते गाळाच. चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे, गुहेकडे बोट तिवरांच्या बोगद्यातून जाते, सगळं खरं. पण रस्ता तिथल्या जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचे ताफे निघतात. फोटोला बंदी असली तरी लोक काचेला नाक लावून माणसं शोधत बसतात. मला ते पटत नाही. तिवरं काय, ऐरोलीला खाडीकिनारी जाऊन बघता येतात, चिखलात उड्या मारणारे निवट्या मासेसुद्धा. फरक एवढाच की अंदमानच्या खाडीत खाऱ्या पाण्यातली मगर असते. तेव्हा पाटी लावलेली दिसली की पोहायचं नाही, जावईबापूंना किती का पोहता येईना.

बाराटांगचा दिवस वाचला की तो पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूला द्या, नाहीतर शहीद द्वीपला आणखी एक रात्र राहा. पाच बेटांची तीन झाली तर बिघडलं काय? बोटीत तुला लागतं, म्हणून गोळी जेटीवर जायच्या अर्धा तास आधी घे, बोट हलल्यावर नव्हे.

तारखा बदलल्या की कळव. विमानाच्या तिकिटाचा फरक मी भरीन, ते जावईबापूंना सांगू नकोस.

तुझे बाबा