लाल खुणांची काळजी नको

पोर्टलंड, मेन (अमेरिका)
१५ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. थंडी कडक आहे, पण घरात हीटर आहे, बाहेर पडताना स्वेटरवर जाड कोट असतो आणि कान झाकलेले असतात. आई, हे वाक्य तुझ्यासाठी, दोनदा वाच. जेवणाखाण्याचं नेहमीसारखंच, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

बाबा, तुमच्या काळजीचं आधी. माझ्या लिखाणावर ऑफिसात लाल खुणा पडतात हे सोन्याने तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही त्यावरून थेट नोकरी जाण्यापर्यंत पोचलात. खुणा पडतात हे खरं आहे, पण त्या सगळ्यांच्याच लिखाणावर पडतात, इथेच जन्मून वाढलेल्यांच्याही. यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायची म्हणजे ते होणारच. माझं इंग्रजी कच्चं आहे असं कोणी म्हटलेलं नाही. तुमच्या हाताखाली शिकले आहे, म्हणेल कोण?

बहुतेक खुणा एकाच गोष्टीसाठी असतात, आणि ती इथल्या माणसांची अजब खोड आहे. उच्चाराकडे ही माणसं लक्ष देत नाहीत, स्पेलिंग चुकलं तर हसून सोडून देतात. पण ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या दोन्ही बाजूंचे शब्द एका घडणीचे नसले की कपाळाला आठ्या. दोन्हीकडची घडण सारखी ठेवण्याला पॅरलल स्ट्रक्चर म्हणतात. सोन्याच्या बँकेच्या परीक्षेत एरर स्पॉटिंगला, म्हणजे वाक्यातली चूक हेरायच्या प्रश्नाला, हेच येतं, म्हणून जरा लांबण लावते. बाबा, तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, तरी त्याला समोर बसवून वाचून घ्या. मोबाइल बाजूला ठेवायला लावून.

सोन्या, ‘अँड’ म्हणजे जू समज. एकीकडे बैल आणि दुसरीकडे रेडा जुंपला तर गाडी चालते, पण ओढ सारखी लागत नाही. ‘शी लाइक्स रीडिंग, स्विमिंग अँड टू कुक’ यात दोन आयएनजीवाले आणि तिसरा टूवाला. ‘रीडिंग, स्विमिंग अँड कुकिंग’ कर, नाहीतर ‘टू रीड, स्विम अँड कुक’. टू लावायचा तर फक्त पहिल्याला किंवा तिघांनाही. दोघांना लावून तिसऱ्याला वगळलं की लाल खूण.

परीक्षेत असं वाक्य पहिल्या शब्दापासून चघळत बसू नकोस. आधी अँड, ऑर, बट यांतलं काय आहे ते हेर. त्याच्या लगेच पुढचा शब्द बघ, नाम आहे की विशेषण, क्रियापद असेल तर कुठल्या रूपात. मग मागे जाऊन त्याचे जोडीदार शोध. शेवटी वाक्याचा सामाईक भाग एकेकाला वेगवेगळा जोडून वाच. ‘शी इज इंटेलिजंट, सिन्सिअर अँड हॅज पेशन्स’ घे. ‘शी इज इंटेलिजंट’ ठीक, ‘शी इज सिन्सिअर’ ठीक, ‘शी इज हॅज पेशन्स’ म्हटलं की जीभच अडखळते. तिथे ‘पेशंट’ हवं. पण ‘शी इज इंटेलिजंट अँड सिन्सिअर अँड हॅज पेशन्स’ हे शुद्ध आहे, बरं का! इथे पहिला अँड दोन विशेषणं जोडतो आणि दुसरा इज आणि हॅज ही दोन क्रियापदं. असं वाक्य देऊन खाली ‘नो एरर’ हा पर्याय ठेवला की नुसता नियम पाठ केलेली मुलं बरोबर फसतात.

आपल्या मुलांचं हे नेमकं का चुकतं, तर मराठीला जोडायला ‘आणि’ फारसा लागत नाही. ‘घरी येऊन, हातपाय धुऊन झोपला’ यात एकच क्रियापद पूर्ण आहे, बाकी सगळं ‘ऊन’वर निभावतं. तेच डोक्यात धरून इंग्रजी लिहिलं की ‘कमिंग होम, वॉशिंग अँड स्लेप्ट’ असलं काहीतरी तयार होतं. इंग्रजीत तिघांना सारखा मान द्यावा लागतो, ‘केम होम, वॉश्ड अँड स्लेप्ट’.

जोडीने येणाऱ्या अव्ययांत घोळ जास्त. आयदर–ऑर, नायदर–नॉर, बोथ–अँड, नॉट ओन्ली–बट ऑल्सो, व्हेदर–ऑर. पहिल्याच्या मागोमाग जे येईल, त्याच जातीचं दुसऱ्याच्या मागोमाग यायला हवं. ‘ही नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो हिंदी’ यात नॉट ओन्लीनंतर क्रियापद आणि बट ऑल्सोनंतर नाम. नॉट ओन्ली उचलून स्पीक्सच्या पुढे ठेव, ‘ही स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो हिंदी’, झालं. आपण ‘हिंदीही’ म्हणतो तेव्हा तो ‘ही’ शब्दालाच चिकटलेला असतो, वाक्यात शब्द कुठेही गेला तरी सोबत जातो. इंग्रजीत चिकटायची सोय नाही, सगळी मदार जागेवर. अकरावी-बारावीला नॉट ओन्लीची वाक्यं घाऊक बदलायला लावतात, पण जागेचं कारण कोणी सांगत नाही.

शब्दयोगी अव्ययाचंही तसंच. ‘आयदर बाय बस ऑर ट्रेन’ नको. ‘आयदर बाय बस ऑर बाय ट्रेन’ चालेल, ‘बाय आयदर बस ऑर ट्रेन’ही चालेल. नॉट ओन्लीने वाक्य सुरू झालं तर साहाय्यक क्रियापद कर्त्याआधी येतं, ‘नॉट ओन्ली डिड ही कम लेट, बट ही ऑल्सो फरगॉट द फाइल’. नायदर–नॉरमध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं, ‘नायदर द ड्रायव्हर नॉर द पॅसेंजर्स वेअर हर्ट’. बोथसोबत ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ दिसलं की डोळे झाकून चूक. आणि दॅन असेल तर तुलना सारख्याची सारख्याशी आहे ना ते बघ. ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन नागपूर’ म्हटलं तर पुण्याची हवा अख्ख्या नागपूर शहराशी तोलली जाते, म्हणून ‘दॅन दॅट ऑफ नागपूर’.

याचा उत्तम नमुना तुझ्या घरातच आहे. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात पुढच्या पानांवर संविधानाची उद्देशिका असते ना, ती काढ आणि पेन्सिल घेऊन बस. ‘टू कॉन्स्टिट्यूट’पासून सुरुवात, मग ‘अँड टू सिक्युअर’, आणि कितीतरी ओळींनंतर ‘अँड टू प्रमोट’. तिन्ही ठिकाणी टू आहे. मधलं अंतर मोठं असलं की खूण पुन्हा लावायची, नाहीतर वाचणारा धागा विसरतो. आता ‘लिबर्टी ऑफ थॉट, एक्सप्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप’ बघ, पाच नामांना ऑफ एकदाच. त्याच्याच खाली ‘इक्वालिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ अपॉर्च्युनिटी’, इथे मात्र ऑफ दोनदा. माझ्या मते दर्जाची समानता आणि संधीची समानता एकात एक मिसळून वाचली जाऊ नये, म्हणून तो दुसरा ऑफ. १९७६ साली ४२व्या दुरुस्तीने ‘युनिटी’च्या शेजारी ‘अँड इंटेग्रिटी’ घातलं, तेही नामाशेजारी नाम, त्यामुळे सांधा दिसत नाही. आणि शेवटी ‘अडॉप्ट, एनॅक्ट अँड गिव्ह’, तीन सरळ क्रियापदं.

आमच्या कामात हे शोभेसाठी नसतं. ‘क्लोज द व्हॉल्व्ह’, ‘स्विच ऑफ द मोटर’ अशा दोन ओळी झाल्यावर तिसरी ओळ ‘द फिल्टर शुड बी क्लीन’ अशी आली, की यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही, फिल्टर आता पुसायचा की तो स्वच्छ असतो एवढंच सांगितलंय. ‘क्लीन द फिल्टर’ लिहिलं की प्रश्न मिटला. म्हणून कृतीची प्रत्येक ओळ आज्ञार्थी क्रियापदाने सुरू करायची, आणि माहिती द्यायची ती वेगळ्या ओळीत.

बाबा, हा पुढचा भाग खास तुमच्यासाठी. या मेन राज्यात ही गोष्ट कोर्टात जाऊन आली आहे. इथल्या कायद्याने आठवड्याला ४० तासांवर काम केलं तर दीडपट मजुरी, पण नाशवंत मालाच्या काही कामांना त्यातून सूट होती. कामांची यादी अशी: कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर दूध पोचवायचे, पॅकिंग करत नव्हते. ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे यादीतलं स्वतंत्र काम असेल तर त्यांना ओव्हरटाइम नाही. ‘पॅकिंग’ कशासाठी, तर शिपमेंटसाठी किंवा डिस्ट्रिब्यूशनसाठी, असा अर्थ असेल तर ओव्हरटाइम आहे.

ड्रायव्हरांच्या वकिलांनी बोट ठेवलं ते पॅरलल स्ट्रक्चरवर. यादीतलं प्रत्येक काम आयएनजीने संपतं, मग डिस्ट्रिब्यूशन हेही काम असतं तर ते ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ नसतं का? ते शिपमेंटच्या घडणीचं आहे, म्हणून शिपमेंटचाच जोडीदार. कंपनीचं उत्तरही कच्चं नव्हतं. पॅकिंग हे शेवटचं काम धरलं तर त्याच्याआधी अँड किंवा ऑर काहीच उरत नाही, मग यादी बंद कुठे होते? स्वल्पविरामही निर्णय देईना, कारण यादीतल्या शेवटच्या ऑरआधी तो देऊ नये असं इथल्या कायदे लिहिणाऱ्यांच्या पुस्तिकेतच सांगितलेलं. खालच्या कोर्टाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. मार्च २०१७ मध्ये अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध ठरवलं, आणि मजुरीचा कायदा संदिग्ध असेल तर कामगाराच्या बाजूने वाचायचा या तत्त्वावर निकाल ड्रायव्हरांकडे गेला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. नंतर विधिमंडळाने ती यादी बदलली. कामांमध्ये अर्धविराम घातले आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’च्या जागी ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ आणलं. आता सांगा, लाल खुणा परवडल्या की नाही?

सोन्या, एक मात्र ध्यानात ठेव, अतिरेक नको. ‘ही स्पोक क्विकली अँड विथ ग्रेट फोर्स’ यात एक क्रियाविशेषण आणि एक शब्दसमूह आहे, तरी दोघं ‘कसं बोलला’ याचंच उत्तर देतात, म्हणून वाक्य बरोबर. काम एकच असेल तर रूपातला थोडा फरक खपतो.

पैशांचं लिहायचं राहिलं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे साठ हजार बाबांच्या खात्यात पाठवले आहेत, दोन-चार दिवसांत दिसतील. सोन्याच्या क्लासची फी त्यातून भरू नका, ती मी वेगळी पाठवेन. आणि बाबा, ‘तुला पुरतात ना’ हे दर वेळी विचारू नका. पुरतात. 

रूपालीच्या लग्नाला मे महिन्यात येणं जमेलसं वाटत नाही. रजा साठलेली नाही, तिकीटही त्या दिवसांत भारी. मामांना मी स्वतः फोन करते, तुम्ही माझ्या वतीने काही सांगू नका, ते आणखी रागावतील. आहेराचे पैसे वरच्या रकमेत धरलेले नाहीत, वेगळे पाठवते. मागच्या वेळी गणपतीलाही हेच झालं, माहीत आहे मला.

आई, सांगलीच्या मुलाचा बायोडेटा वाचला. आवडीनिवडींत ‘रीडिंग, ट्रेकिंग अँड टू कुक’ असं लिहिलं आहे. त्यावरून मी नकार दिला असं समजून घरभर बोलू नकोस, नकार दिलेला नाही. स्वयंपाक येतो हे तर चांगलंच आहे. त्याचा नंबर पाठव, रविवारी बोलेन. इकडे यायला तयार आहे की मी तिकडे यावं अशी त्यांची अपेक्षा आहे, एवढं मात्र काकूंकडून आधीच विचारून ठेव. मी अजून काही ठरवलेलं नाही, आणि त्यावर फोनवर रडायचं नाही.

बाबांच्या मोतीबिंदूची तारीख मिळाली की मला ऑपरेशनआधी कळवा. गुडघ्याच्या वेळेसारखं सगळं आटोपल्यावर नको.

तुमची,
मीनल