समाजमाध्यमांवर धंदा नेताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवरून जाहिरात सुरू करणारे अनेक व्यावसायिक पहिल्याच आठवड्यात फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि लिंक्डइन (नोकरी-व्यवसायातील ओळखींचे माध्यम) अशी चार खाती उघडतात आणि महिन्याभरात चारही ओस पडतात, हे पाहून मनापासून वाईट वाटते. आपला ग्राहक जिथे असतो ते एकच माध्यम निवडावे. कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्याला लिंक्डइन उपयोगी पडेल, पिशव्या शिवणाऱ्याला इन्स्टाग्राम.

माझ्या परिचयातील एका बाईंनी पिशवीच्या बंदाची दुहेरी शिलाई जवळून दाखवणारे छायाचित्र टाकले, तेव्हा खाली कुणीतरी विचारले, "वजन किती पेलेल?" त्यांनी उत्तर लिहिले नाही, त्याच बंदाला पाण्याने भरलेली बादली टांगून तिची छोटी चित्रफीत टाकली. सणाच्या कोरड्या शुभेच्छांपेक्षा असा मजकूर ग्राहकाला कितीतरी जवळचा वाटतो, असे माझे ठाम मत आहे.

इन्स्टाग्रामचे साधे खाते व्यावसायिक खात्यात विनामूल्य बदलता येते आणि मग मजकूर किती जणांपर्यंत पोहोचला, किती जणांनी जतन केला, हे आकडे दिसू लागतात. २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेस या व्यावसायिकांसाठीच्या ॲपमध्ये मालाची किमतीसह सचित्र यादी ठेवता येते. आधी या सोयी वापराव्यात, पैसे भरून जाहिरात नंतर करावी. खात्याचे अनुयायी (फॉलोअर्स) विकत घेणे मात्र टाळावेच, कारण ते माल घेत नाहीत आणि खरे आकडेही झाकून टाकतात.

आपला,
एक लघुउद्योजक