अप्पांचा फोटो

सोलापूर,
२० जानेवारी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी अजून ओसरलेली नाही, रात्री उशिरापर्यंत पाळण्यांचा आवाज गच्चीवर येतो. तुझी आठवण येते.

दिवाळीत मित्रमंडळी घेऊन आलास आणि जाताना दारात चपला घालता घालता हळूच म्हणालास, "आई, आजोबांचा तो फोटो काढ ना तिथून. बरं नाही दिसत." तेव्हा मी काही बोलले नाही. तुझ्या मैत्रिणीची नजर फोटोवर जाऊन पटकन वळली, ते मीही पाहिलं होतं. अप्पा उकिडवे बसलेत, मांडीवर दुनळी बंदूक आडवी आणि पुढ्यात मान टाकून पडलेला काळवीट. तू पक्षी मोजायला रानोमाळ फिरणारा मुलगा, तुला ते टोचणारच.

संक्रांतीआधी घर झाडायला काढलं तेव्हा फोटो उतरवला. मागचा पुठ्ठा वाळवीनं खाल्ला होता, म्हणून चुका उपटून फोटो बाहेर घेतला. बघते तर डावीकडची चार बोटं कडा मागे दुमडलेली. चौकट लहान पडली असेल, दुकानदारानं घातली दुमडून. उलगडली तर तिथं पारधी मामा उभे! अनवाणी, डोक्याला मळका पटका, खांद्यावर गुंडाळलेली वाघर, म्हणजे शिकारीचं जाळं. साठेक वर्षं ते आपल्याच भिंतीवर होते आणि घरात कुणाला ठाऊक नव्हतं. फोटो हातात घेऊन मी बराच वेळ जमिनीवरच बसून राहिले. हे फोनवर सांगून होणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुला आठवतात ते खाटेवर बसून रेडिओ ऐकणारे अप्पा. ते गेले तेव्हा तू नववीत होतास. माझ्या लहानपणीचे अप्पा मिलमध्ये टाइमकीपर होते. भोंगा झाला की गेटवर हजर, हातात हजेरीचं रजिस्टर. सुट्टीच्या दिवशी मात्र भोंग्याच्याही आधी त्यांची सायकल बार्शी रस्त्याला लागलेली असायची. नान्नज वीस-बावीस किलोमीटर. त्याच्या पुढं वडाळ्याकडं आपली कोरडवाहू जमीन होती आणि पिकाच्या राखणीसाठी म्हणून पणजोबांनी बंदुकीचा परवाना काढला होता. तो पुढं अप्पांच्या नावावर झाला. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की जाऊन आणायची. जमा असायची तेवढे दिवस अप्पा घरात नुसते फेऱ्या मारायचे.

बंदूक पुसायचे ती आईच्या शिलाई मशिनच्या तेलानं. गजाला चिंधी गुंडाळून नळीत सारायचे, मग नळी उजेडाकडं धरून एक डोळा मिटून आत बघायचे. मलाही दाखवायचे. आत लखलखीत गोल वेटोळी दिसायची, एकात एक. रिकामी काडतुसं माझ्या वाट्याची. ओठाला लावून फुंकलं की शिट्टी वाजायची आणि दारूचा कडवट वास दिवसभर ओठांवर राहायचा. दिवाळीत फटाके वाजले की मला आजही आधी ती शिट्टी आठवते.

ते काय मारायचे, तेही सांगते. लपवायचं नाही असं ठरवूनच लिहिते आहे. ससे, तित्तर, लावे, हिवाळ्यात हिप्परग्याच्या तलावावर बदकं, कधी काळवीट. आणि तरुणपणी एकदा माळढोक. मोठा नर होता. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. एवढं मांस घरात संपेना म्हणून गल्लीत वाटलं होतं. पाणी प्यायला आलेल्या जनावरावर बार टाकायचा नाही, मादीवर टाकायचा नाही, हे त्यांनी पाळलं. पण त्यांना शिकार आवडायची, मनापासून आवडायची. नंतर त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला असं मी तुझ्या समाधानासाठी लिहिणार नाही. निदान मला तो कधी दिसला नाही.

माळ वाचायला मात्र त्यांना पारधी मामांनी शिकवलं. मामा फासेपारधी. आपसात त्यांची बोली गुजरातीसारखी, आमच्याशी मराठी बोलायचे. तोंडानं तित्तराचा आवाज असा काढायचे की झुडपातला तित्तर उलटून उत्तर द्यायचा. जवळ एक शिकवलेली गाय होती. ती चरत चरत पुढं सरकायची आणि मामा तिच्या आडोशानं पावलाला पाऊल मिळवत जायचे. जनावराला नुसती गायच दिसायची. काळविटाचा नर लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा एकाच जागी येतो, ससा बीळ करत नाही, गवतात अंगापुरता खळगा करून बसतो, वारं नेहमी तोंडावर घेऊन चालायचं, पाठीवर आलं की तुझ्या आधी तुझा वास पोचला, हे सगळं मामांचं. अप्पांनी मला तेच शिकवलं आणि मी तुला. लहानपणी तू विचारायचास, "आई, तुला हे कसं कळतं गं?" तर ते असं.

मामांचा जन्म तारेच्या कुंपणाआड झालेला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, आणि आपल्या सोलापुरात त्यांच्यासाठी सेटलमेंट उभी केली. दररोज हजेरी. १९५२ साली कायदा गेला, तेव्हा मामा बाप्ये झालेले होते. एकदा आमच्या ओसरीवर चहा पिताना अप्पांचं रजिस्टर बघून म्हणाले होते, "मालक, तुमी बी हजेरी घेतायसा व्हय?" अप्पांनी काही न बोलता रजिस्टर उचलून आत नेऊन ठेवलं. मी सहा-सात वर्षांची असेन. त्यात एवढं काय होतं ते मला फार नंतर कळलं.

मग बहात्तरचा दुष्काळ. माळावर गवताची काडी उरली नाही, लोक खडी फोडायला गेले, आम्ही शाळेत सुकडी खाल्ली. जी काय जनावरं जगली ती पाणवठ्याला धरून होती आणि पाणवठ्यावर अप्पा बार टाकत नसत. त्यामुळं त्या उन्हाळ्यात बंदूक खुंटीवरून खाली आलीच नाही. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकार संपली. अप्पा कुरकुरले, पण कायदा त्यांनी पाळला. रविवारी मोकळ्या हातानं माळावर जायला लागले आणि मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायला लागले.

माझ्या जन्मात पाहिलेली सर्वांत मोठी गोष्ट त्यातल्याच एका श्रावणातली. आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता. आम्ही तिघं बांधाला पोटावर पालथे. समोर गवतात नर माळढोक उभा. त्यानं शेपूट पाठीवर उलटी घेतली, गळ्याची पांढरी पिशवी हवेनं भरत भरत पार पायांपर्यंत लोंबू लागली, आणि आवाज काढला. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा. तो कानानं नाही ऐकला मी, पोटाखालच्या जमिनीतून आला असं वाटलं. थोड्या वेळानं परत एक. तेवढ्यात कुठून तरी टिटवी उठली आणि आमच्या डोक्यावर केकाटत घिरट्या घालू लागली. नरानं पिशवी आवरली, मान ताठ केली आणि शांतपणे चालत गवतात दिसेनासा झाला. अप्पांनी टिटवीला शिव्या दिल्या. मामा मातीत तोंड खुपसून हसत होते. "मालक, तिची पिल्लं असतील हितं. ती तिचं काम करतीया."

अप्पांचा कायद्यानं छंद गेला. मामांचं पोट गेलं. हे माझ्या ध्यानात यायला मी चाळिशीला पोचले बघ. बंदुकीला कागद होता म्हणून अप्पा शिकारी. मामांच्या फाशांना कागद कुठून असणार? गावात कोंबडं जरी चोरीला गेलं तरी पोलीस पहिल्यांदा मामांच्या पालावर जायचे. अप्पा सायकल काढायचे, ठाण्यात जाऊन "हा माणूस माझ्या ओळखीचा आहे" म्हणून सांगायचे आणि मामांना घेऊन यायचे. तीन-चार वेळा तरी गेले असतील.

एकदा गेले नाहीत. मिलमध्ये साहेब येणार होते, रजिस्टरं पुरी करायची होती. "उद्या जातो" म्हणाले. उद्याचं परवा झालं. चौथ्या दिवशी मामांना सोडलं, ते डावा पाय ओढतच आले. आईनं पाणी दिलं, ते प्यायले, अप्पांना रामराम घातला. अप्पा उंबऱ्यात उभे होते, पुढं झाले नाहीत. महिन्याभरात मामांनी पाल उचललं. कुणी बार्शीकडं गेले म्हणायचं, कुणी अक्कलकोटकडं. अप्पांनी यात्रांमधून, बाजारांमधून खूप विचारलं. मामा परत दिसले नाहीत.

हे अप्पांनी मला म्हातारपणी सांगितलं. नान्नजच्या निरीक्षण मनोऱ्यावर आम्ही दोघं बसलो होतो. समोर काळविटांचा मोठा कळप चरत होता आणि त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. म्हणाले, "आयुष्यात पुष्कळ बार टाकले, त्याचं काही वाटत नाही. पण तेवढं एकदा जायला पाहिजे होतं." एवढंच बोलले आणि चष्मा पुसत बसले.

तू म्हणशील, मग माळढोकाचं काय? १९७९ साली इथं माळढोकाचं अभयारण्य झालं, तेव्हा अप्पांना लेकीचं लग्न ठरल्यासारखा आनंद झाला होता. ८,४९६ चौरस किलोमीटर! कागदावर एवढं मोठं की त्यात शेतं आली, रस्ते आले, गावंच्या गावं आली. जमिनीचे व्यवहार अडले, आपले भाऊबंदसुद्धा पक्ष्यावर खार खाऊ लागले. पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षी कमी कमी होत गेले. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एवढा जड पक्षी उडताना समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. आता साऱ्या जगात दीडशेच्या आसपास उरलेत म्हणतात, आणि तेही बहुतेक राजस्थानात. अप्पांचा सगळ्यांत मोठा राग "पडीक" या शब्दावर होता. सातबाऱ्यावर माळाला पडीक लिहिलेलं दिसलं की म्हणायचे, "हे कुणी लिहिलं त्याला एक रात्र माळावर झोपवा." कुणी माळावर झाडं लावायला निघालं की तळमळायचे. माळाला गवत हवं, झाडं कशाला, हे त्यांनी किती जणांना समजावलं असेल! पवन्या, कुसळी, मारवेल अशी नावं घेऊन घेऊन सांगायचे. एका शिकाऱ्याचं कोण ऐकतं?

काळविटाबद्दल तुला जे वाटतं ते वाटू दे, त्यात मी पडत नाही. पण फोटो मी माळ्यावर टाकलेला नाही. नव्या पेठेत नेला, मोठी चौकट करायला सांगितली, कडा न दुमडता. घडीची पांढरी रेघ जाणार नाही म्हणाला तो. म्हटलं, राहू दे. कुठं लावायचा ते तू आल्यावर ठरवू; तुझ्या खोलीत लावायचा नसेल तर माझ्या खोलीत लावीन.

फेब्रुवारीत नक्की ये. वडाळ्याच्या तुकड्यात मालदांडी यंदा चांगली आहे, हुरड्याला काकूंनी बोलावलंय. ती मैत्रीण येत असेल तर तिलाही आण. दुसऱ्या दिवशी पहाटे नान्नजला जाऊ. पांढरा शर्ट घालू नकोस आणि दुर्बीण विसरू नकोस. माझ्या गुडघ्यांनी आता पालथं पडणं होत नाही, मी बांधावर बसेन. आणि टिटवी ओरडली तर ओरडू दे.

तुझी,
आई