सेट टॉप बॉक्सची किल्ली टीव्हीत बसवा: माहिती व प्रसारण मंत्र्यांना सेलूहून पत्र

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूत टीव्ही दुरुस्त करतो. पिक्चर ट्यूब होती तेव्हापासून हेच काम आहे. मागच्या दिवाळीनंतर खेड्यावरचे एक आजोबा दुकानात आले. सोयाबीनच्या पैशातून त्यांनी ४३ इंची टीव्ही घेतला होता. म्हणाले, "भाऊ, टीव्ही तर नवा कोरा हाय, मग चित्र आसं पुसट कामून दिसायलंय?"

घरी जाऊन पाहिले तर टीव्हीत काहीच बिघाड नव्हता. केबलचा बॉक्स जुना होता आणि पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांच्या वायरीने जोडला होता. त्या पिवळ्या वायरीतून साधेच चित्र येते, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे. पूर्ण एचडी चित्रात १९२० बाय १०८० ठिपके असतात, म्हणजे बरोबर पाचपट. एचडी बॉक्स घ्या आणि एचडीएमआय केबल लावा, एवढेच मी सांगू शकलो. त्यावर ते म्हणाले, "एवढ्या पैशाच्या टीव्हीत ते आधीच कामून नाही?"

त्यांचा प्रश्न मी तुमच्यापर्यंत पोचवतो आहे, कारण त्याचे उत्तर माझ्या दुकानात नाही.

एचडी चित्र उलगडायची ताकद टीव्हीत आहेच. पेन ड्राइव्हवरचा एचडी सिनेमा तोच टीव्ही स्वच्छ दाखवतो. अडते ते दोन ठिकाणी. केबलचा सिग्नल एका पद्धतीने येतो, डिशचा दुसऱ्या. तो पकडणारा ट्यूनर टीव्हीत लागतो. तो बसवता येतो. खरी अडचण कुलपाची आहे. पैसे भरणाऱ्यालाच चॅनेल दिसावे म्हणून सिग्नल कुलूपबंद करून पाठवतात आणि किल्ली बॉक्समधल्या कार्डात किंवा चिपमध्ये असते. कुलपाला माझी हरकत नाही, चॅनेल चालवायला खर्च येतो. पण किल्लीसाठी अख्खा बॉक्स घ्यावा लागतो, आणि तो एकाच कंपनीचे कुलूप उघडतो.

याचा फटका आमच्याकडे जास्त बसतो, कारण आमची माणसे एका जागी राहत नाहीत. गल्लीतले एक कुटुंब कामासाठी चाकणला गेले. वहिनींनी रोख पैसे देऊन घेतलेला एचडी बॉक्स टॉवेलात गुंडाळून सोबत नेला. तिथला केबलवाला वेगळा, त्याचे कुलूप वेगळे. बॉक्स चालला नाही, दुसरा घ्यावा लागला. पहिला त्यांनी दसऱ्याला येताना परत आणला आणि माझ्याकडे ठेवला, "कुणाच्या तरी कामी येईल" म्हणून. तो कुणाच्याच कामी येत नाही. असे चालू स्थितीतले बॉक्स माझ्या फळीवर रांगेने पडून आहेत. मी त्यातले अडॅप्टर तेवढे काढून वापरतो, कारण इथल्या व्होल्टेजने अडॅप्टर सारखे जळतात.

केबलची वायर थेट टीव्हीच्या पाठीमागे खोचली की चॅनेल लागायचे, ते दिवस आम्ही पाहिले आहेत. केबल टीव्हीच्या कायद्यात २०११ साली बदल झाला आणि गावागावातली ही जुनी, ॲनालॉग केबल बंद करायची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ ठरली. डिजिटल होणे योग्यच होते, चित्र सुधारले. मात्र त्याच २०११ च्या २० जानेवारीपासून देशभर मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. बॉक्सच्या बाबतीत ती मोकळीक ग्राहकाला मिळाली नाही. डिशच्या परवान्याच्या अटींत तर एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालावा हे तत्त्व २००१ पासून लिहिलेले आहे.

रस्ता कुणी दाखवला नाही असेही नाही. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, तुमच्याच मंत्रालयाला शिफारस केली: एका डिश कंपनीचा बॉक्स दुसऱ्या डिशला आणि एका केबलचा दुसऱ्या केबलला चालला पाहिजे, आणि प्रत्येक डिजिटल टीव्हीत यूएसबीवर चालणारा सामाईक इंटरफेस असला पाहिजे. म्हणजे किल्ली पेन ड्राइव्हसारखी टीव्हीत खोचायची, कंपनी बदलली की किल्ली बदलायची. युरोपात ३० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या डिजिटल टीव्हीला अशी खाच असावी, असा नियम युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशातच आला. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या नव्या टीव्हींत मला ती किल्ली घालायची सोय अजून दिसलेली नाही.

फ्री डिशचे तर आणखी सोपे आहे. तिथे महिन्याचे पैसे नाहीत. भारतीय मानक ब्युरोने सॅटेलाइट ट्यूनर आत असलेल्या टीव्हीचे मानक काढले आहे. ते सक्तीचे करा. सह्याद्री वाहिनी पाहायला शेतमजुराच्या घरात वेगळा बॉक्स, वेगळा रिमोट आणि वेगळा अडॅप्टर कशाला हवा?

केबलवाल्यांवर माझा राग नाही, ते आमच्यातलेच आहेत, वरून येईल तो बॉक्स लावतात. ठरवायचे आहे ते दिल्लीत. ट्रायच्या २०२० च्या शिफारशींपैकी कोणती स्वीकारली, कोणती नाकारली आणि का, हे मंत्रालयाने तारखेसह मराठीतून जाहीर करावे. ते आले की छापून मी दुकानात लावीन आणि आजोबांना वाचून दाखवीन.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक
सेलू, जि. परभणी