कपडा उलटा करून बघ

डोंबिवली,
रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर तू प्रबंधाचा विषय सांगितलास आणि ‘कसा वाटतो?’ विचारलंस, तेव्हा इकडे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या म्हणून ‘छान’ म्हणून मोकळी झाले. खरं सांगायचं तर छान नाही वाटला. ‘दिऑरचा न्यू लुक आणि स्त्रीत्वाचं पुनरागमन’ हे मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभेल. सहा महिने डोकं घालावं असं त्यात मला काही दिसेना.

बावीस वर्षं मी परळच्या भरतकामाच्या युनिटमध्ये चेकिंगच्या टेबलावर बसले. माल आला की पहिलं काम म्हणजे कपडा उलटा करायचा. सुलट बाजूला टिकल्या नि कटदाणा, म्हणजे काचेचे बारीक मणी, चमकतातच. गाठ कुठे सुटलीय, घाईत टाका कुठे लांबवलाय, धाग्याचा लॉट कुठे बदललाय, ते सगळं मागे सापडतं. तुझ्या नोट्स मोबाइलवर भाषांतर करून वाचताना हीच खोड आड आली.

१२ फेब्रुवारी १९४७. त्या दिवशी पॅरिसमध्ये कपड्यांचा डिझायनर दिऑर याचा ‘न्यू लुक’ पहिल्यांदा लोकांसमोर आला. युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती, पॅरिसमध्ये पाव रेशनवर मिळत होता. आणि या माणसाने आवळलेल्या कमरेखाली असा घेर सोडला, की काही झग्यांत आपल्या तीन साड्या सहज जिरतील. पैसा कोणाचा? मार्सेल बुसाकचा, म्हणजे सुती गिरण्यांच्या मालकाचा! घेर वाढला की कापड खपतं, हे गिरणगावात वाढलेल्या बाईला कोणी समजावून सांगायला नको. त्याच वर्षी पॅरिसच्या मोंमार्त्र भागात रू लपिक नावाच्या रस्त्यावर या कपड्यांतल्या मॉडेल्स फोटोसाठी उभ्या राहिल्या, तर तिथल्या बायकांनी त्यांना धरून अंगावरचे कपडे ओरबाडले. तुझ्या वहीत या प्रसंगाला जेमतेम एक ओळ आहे. त्या बायकांना स्त्रीत्व नको होतं का गं? मला तर वाटतं, आपल्या घरात नीट गोधडी नाही आणि हिच्या घागऱ्यात अख्खा तागा, याचा तो संताप होता.

शिवणाऱ्या मुलींना तिकडे ‘प्तित मँ’, चिमुकले हात, म्हणतात असं तू सांगितलंस. (मला आधी ‘पतित’ ऐकू आलं आणि मी दचकले.) याच मुलींनी मे १९१७ मध्ये, युद्ध चालू असताना, सुया खाली ठेवल्या. शनिवारी दुपारची सुट्टी द्यायची पण त्या वेळेची मजुरी कापायची, हे त्यांना मान्य नव्हतं. पॅरिसच्या रस्त्यांवरून गाणी म्हणत मोर्चे निघाले आणि जूनमध्ये भरपगारी अर्ध्या सुट्टीचा कायदा झाला. तुझे आजोबा १९८२च्या संपात होते, तेव्हा हे वाचताना माझे डोळे भरून आले. त्या पोरी जिंकल्या, आपलं काय झालं ते तुला ठाऊक आहे.

आता माझ्या कामाचं. तू फ्रान्समधल्या लुनेव्हिलच्या भरतकामाच्या हुकाचा व्हिडिओ पाठवलास, तो मी चार वेळा पाहिला. आपली आरीच ती, भरतकामाची आकडेवाली सुई! पण एक फरक आहे. आपला कारीगर अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणायच्या चौकटीवर, कापडाची सुलट बाजू वर ठेवतो, आरीवर मणी उचलतो आणि वरूनच टाचतो. काम कसं उतरतंय ते त्याला दिसत असतं. लुनेव्हिलमध्ये मणी आधीच धाग्यात ओवलेले असतात आणि ते खालच्या अंगाला राहतात. म्हणजे ती बाई दिवसभर उलटी बाजूच बघत असते, आणि नक्षी खाली तिच्या मांडीवर उमलत असते. मी तरुण असते तर हे शिकायला रांग लावली असती.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तू चौथीत असताना एका परदेशी फॅशन घराण्याची ऑर्डर होती, हस्तिदंती जॉर्जेटवर कटदाण्याच्या वेली. शेवटच्या रात्री मणी संपले. एका पानाच्या टोकाला तीन दाणे दुसऱ्या लॉटचे, किंचित पिवळट लागले. मी पाहिलं आणि पास केलं, कारण उसवायला बसलो असतो तर मुर्शिदाबादच्या कारीगर पोराची गावची गाडी चुकली असती. पुढे ब्यूटी पार्लरमध्ये एका परदेशी मासिकात पानभर फोटो दिसला. खांद्याजवळ तेच पान, तेच तीन पिवळट दाणे. खाली त्या घराण्याचं नाव, फोटोग्राफरचं, केस विंचरणाऱ्याचंही. आमच्या खोलीचा उल्लेख नाही, गावाचा नाही, देशाचाही नाही. मी ते पान मागायलाही लाजले.

म्हणून ३० मार्च २०२३ला गेट वे ऑफ इंडियासमोर दिऑरचा शो झाला आणि मुंबईच्या चाणक्य या भरतकामाच्या संस्थेच्या कारीगरांनी भरलेलं ते भलंथोरलं तोरण दिसलं, त्यांचं नाव उघडपणे घेतलं गेलं, तेव्हा बरं वाटलं. पूर्ण समाधान झालं असं मात्र नाही म्हणणार.

राणीच्या मलमलीचंही सोडू नकोस. १७८३मध्ये फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं साध्या पांढऱ्या मलमलीतलं चित्र लागलं, तर लोक म्हणाले, राणी आतल्या कपड्यांवर बसलीय. चित्र उतरवावं लागलं आणि रेशमी झग्यातलं दुसरं टांगलं. फ्रान्सच्या ल्यों शहरातल्या रेशीम विणकरांच्या पोटाचा प्रश्नही त्यात होताच, आणि मलमल म्हणजे तेव्हा बंगालच्या हातमागांची ख्याती. सगळं एकमेकांत अडकलेलं आहे बघ.

शिवाय तुझी जीन्स! १८००च्या हुकमाने पॅरिसमध्ये बाईला पँट घालायला पोलिसांचा परवाना लागायचा. पुढे सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम हातात असेल तर सूट मिळाली, आणि तो हुकूम रद्दबातल असल्याचं सरकारने सांगितलं थेट २०१३मध्ये. काष्टा मारून शेतात उतरणाऱ्या माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती.

विषय तुझा, निर्णय तुझा. पण संग्रहालयात कपडे हाताळायला देतील त्या दिवशी तेवढं अस्तर उलटून बघ आणि मला फोटो पाठव. मावशीच्या ओळखीच्या मुलाबरोबर मेतकूट पाठवते आहे.

तुझी,
आई

ता. क. – २५ नोव्हेंबरला संत कातरीनच्या दिवशी पंचविशीतल्या बिनलग्नाच्या मुलींना तिकडच्या कपड्यांच्या घराण्यांत हिरव्या-पिवळ्या टोप्या घालतात म्हणे. यंदा तुला पंचवीस पूर्ण. टोपी घातलीस तर फोटो फक्त मला पाठव. फॅमिली ग्रुपवर टाकलास तर आत्या रात्रीच्या आत तीन स्थळं पाठवेल.